किंमतचूक, सुपरमार्केटमधील

वेष्टनावर छापलेली, रॅकवर लावलेली किंवा ऑफर म्हणून जाहीर केलेली किंमत एक आणि बिलात लागलेली दुसरी, अशा तफावतीला किंमतचूक म्हणतात. जास्त गेलेले पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क भारतात मुख्यतः दोन कायद्यांवर उभा आहे: वैध मापन शास्त्र अधिनियम, 2009 आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019. पहिल्याचा रोख वेष्टनावरच्या मजकुरावर, दुसऱ्याचा प्रत्यक्ष व्यवहारावर. ग्राहकाला पहिला तोंडपाठ असतो, कारण त्याची ‘एमआरपी’ (कमाल किरकोळ किंमत) पाकिटावरच छापलेली असते. सुपरमार्केटची खास चूक मात्र एमआरपीच्या खाली घडते आणि तिथे हा दुसरा कायदा कामी येतो.

एमआरपी ही भारतीय बाजाराची वेगळी व्यवस्था आहे. 1977 च्या वेष्टनबद्ध वस्तू नियमांनी पाकिटावर किंमत छापणे बंधनकारक केले. पण ‘स्थानिक कर वेगळे’ एवढे लिहिण्याची मुभाही ठेवली. त्या तीन शब्दांच्या आडून दुकानदार मनाला येईल तो कर लावत. 1990 च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली आणि ‘सर्व करांसहित’ कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ग्राहक चळवळीचा पुण्याशी संबंध त्याआधीचा. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत त्यानंतर वर्षभराने, 1975 मध्ये आली. ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा यायला 1986 उजाडले.

पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये 1962 नंतर एमआयडीसीची औद्योगिक वसाहत वाढत गेली, तेव्हा कामगार वस्त्यांमधला किराणा उधारीच्या वहीवर चाले. महिन्याचे सामान पिंपरी कॅम्पातून भरायचे आणि पगार झाला की खाते चुकते करायचे. जवळच्या चाकणचे नाव तेव्हा कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी घेतले जाई. 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने तिथे सुरू झाले, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे आले आणि नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. मोठी वातानुकूलित दुकाने आली ती या गिऱ्हाइकासाठी. 1936 च्या वेतन कायद्याने लहान कारखान्यांना 7 आणि मोठ्यांना 10 तारखेपर्यंत पगार करण्याची मुदत घातली होती. ती सवय अजून मोडलेली नाही. पगार झाल्यानंतरच्या शनिवार-रविवारी ट्रॉल्या काठोकाठ भरतात, काउंटरसमोर रांग लागते आणि हातभर लांबीचे बिल तिथेच उभे राहून ओळीने वाचण्याची सोय उरत नाही.

चूक होते कुठे? बारकोडमध्ये किंमत नसते. भारतात नोंदवलेल्या बारकोडची सुरुवात बहुधा 890 ने होते. पुढचे आकडे उत्पादक आणि वस्तू सांगतात, किंमत दुकानाच्या संगणकात असते. कंपनीने भाव वाढवला तरी बारकोड बऱ्याचदा तोच राहतो. मग एकाच रॅकवर 40 रुपये छापलेला जुना माल आणि 45 छापलेला नवा माल शेजारी शेजारी बसतो. स्कॅनरखाली पाकीट धरले की काउंटरच्या पडद्यावर दोन्ही एमआरपींची छोटी यादी उघडते. कोणती निवडायची ते कॅशियरने पाकीट उलटून पाहून ठरवायचे. रांगेत वीस माणसे असली की बोट सवयीने एकाच ओळीवर पडते. जुन्या पाकिटाला 45 लागले, तर तो सरळ एमआरपीचा भंग. वैध मापन शास्त्र (वेष्टनबद्ध वस्तू) नियम, 2011 च्या नियम 18 नुसार छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. छापील किंमत खोडणे किंवा पुसट करणे हाही गुन्हाच. किंमत कमी करणारे स्टिकर लावता येते, पण मूळ आकडा त्याखाली झाकायचा नाही.

आता दुसरी बाजू. एमआरपी 210, रॅकवरचा टॅग म्हणतो ‘आमचा भाव 178’, बिलात लागले 199. एमआरपी कुठेही ओलांडलेली नाही. ‘साहेब, एमआरपीपेक्षा कमीच लावलंय’ हे काउंटरवरचे ठरलेले उत्तर, आणि पुष्कळ ग्राहक तेवढ्यावर गप्प बसतात. बसू नये. 2019 च्या कायद्याच्या कलम 2(6) मध्ये तक्रारीची जी कारणे दिली आहेत, त्यांत चार किमतींचा उल्लेख आहे: कायद्याने ठरलेली, वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेली, विक्रेत्याने लावलेल्या दरपत्रकातली आणि दोन्ही बाजूंनी ठरवलेली. यांपैकी कोणत्याही किमतीहून जास्त घेतले, तर तक्रार होऊ शकते. रॅकवरचा टॅग किंवा दारातला ऑफरचा फलक दुकानानेच लावलेला असतो; त्याला दरपत्रक म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? त्यामुळे या उदाहरणातले 21 रुपये मागताना पाकीट दाखवून उपयोग नाही, टॅग दाखवावा लागतो. मोबाइलवर काढलेला टॅगचा फोटो इथे पुरावा ठरतो.

काही देशांनी ही भांडणे काउंटरवरच मिटवली आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 2001 पासून नियम आहे की स्वस्त वस्तूची किंमत चुकीची लागली, तर ती वस्तू ग्राहकाला फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी अशीच संहिता स्वेच्छेने स्वीकारली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात 2011 च्या कायद्याने फरकाच्या दहापट, किमान 1 आणि कमाल 5 डॉलर, अशी भरपाई ठेवली. भारतात अशी आपोआप मिळणारी भरपाई नाही. फरकाची रक्कमही मागावी लागते आणि पुढचे सारे भांडून घ्यावे लागते.

महाराष्ट्रात छापील किमतीवरून झालेला सर्वांत ओळखीचा वाद दुधाच्या पिशवीचा. पिशवीमागे एक-दोन रुपये जास्त घ्यायचे आणि ‘थंड करायला वीज लागते’ म्हणायचे, ही किरकोळ विक्रेत्यांची जुनी रीत. कायद्यात थंडाव्याचा आकार नाही. वैध मापन शास्त्र यंत्रणेने त्याविरुद्ध वेळोवेळी मोहिमा काढल्या. हॉटेलची गोष्ट वेगळी. तिथे बसून पाण्याची बाटली घेतली, तर ती सेवेसह झालेली विक्री असते आणि एमआरपीची मर्यादा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितले. सुपरमार्केटला ही सवलत नाही.

पिशवीचे पैसे हा याच कुळातला वाद. राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आली आणि काउंटरवर कागदी-कापडी पिशव्या विकत मिळू लागल्या. 2019 मध्ये चंडीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने 3 रुपयांच्या कागदी पिशवीपायी बाटाच्या दुकानाला 9,000 रुपये भरायला लावले. बिग बझारच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये, आधी न सांगता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले आणि एमआरपीचा आधार काही महिने डळमळला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. कराचा पूर्ण फायदा दिला, तर 100 रुपयांची वस्तू सुमारे 89 रुपयांना पडायला हवी. पण जुनी छापील पाकिटे मार्च 2026 अखेरपर्यंत वापरायला परवानगी होती आणि आधीच छापलेल्या मालावर नवे स्टिकर लावणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले होते. त्यामुळे 100 छापलेले पाकीट 100 ला विकणारा एमआरपीच्या नियमात बसत होता. जीएसटी कायद्यातल्या नफेखोरीविरोधी तरतुदीखाली नव्या तक्रारी घेणे 1 एप्रिल 2025 पासूनच थांबले होते. ग्राहकाच्या हाती उरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक.

परतावा मागताना दोन वाटा वेगळ्या ठेवाव्यात. वजनमापे निरीक्षकाकडे तक्रार केली आणि दुकानाने तडजोड शुल्क भरले, तर ती रक्कम सरकारी तिजोरीत जाते. तक्रारदाराच्या हातात काही पडत नाही. पैसे परत आणि नुकसानभरपाई हवी असेल, तर आधी दुकानाच्या मदत कक्षात बिल दाखवायचे, मग 1915, आणि तिथेही सुटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी इथे आड येत नाही, कारण ग्राहक माल परत करतच नसतो, फरक मागतो. माल सदोष असेल, तर बिलावर मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित प्रथाच आहे. बिल न देणे हीसुद्धा. हे बिल थर्मल कागदावर छापलेले असते आणि काही महिन्यांत कोरे पडते, म्हणून त्याचाही फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही. 20 रुपयांसाठी एवढे कोण करतो, असे वाटेल. मथुरेच्या एका वकिलाने केले: 1999 मध्ये रेल्वे तिकिटाला 20 रुपये जास्त लागले आणि निकाल 2022 मध्ये लागला. 20 रुपये 12 टक्के व्याजाने परत, शिवाय 15,000. आता तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरून दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. 1986 च्या कायद्यात दावा दुकानदार असेल किंवा व्यवहार झाला असेल तिथेच लावावा लागे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथलाही आयोग चालतो. लातूर-नांदेडहून चाकणला येऊन राहिलेल्या कामगाराने सुट्टीत गावाकडच्या मॉलमध्ये खरेदी केली असेल, तर त्या बिलाची तक्रार त्याला पुण्याच्या आयोगात लावता येते.