दशावतारी गंजिफा : कथा आणि डाव

डिंडोलीतील आमच्या घरी सुट्टीला आलेल्या भाच्याने परवा मला एका पेचात टाकले. ‘फायनल फँटसी’ या खेळमालिकेच्या सातव्या भागात (१९९७) लढाईत पडलेला गडी फिनिक्स पक्ष्याच्या पिसाने पुन्हा उठतो. पण कथेच्या ओघात एअरिथ मारली जाते, तेव्हा त्या पिसाची आठवण कुणालाच होत नाही. “मामा, असं कसं?” हा त्याचा प्रश्न. मला सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या.

दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, अशी एकूण १२० गोल पाने. राजाच्या पानावर खुद्द अवतार चितारलेला. कथा म्हणून पाहावे तर पंचाईतच आहे. हुकमाचा रंग नसल्याने एक रंग दुसऱ्याला मारीत नाही. परशुरामाचे तेज हरण करणारा राम येथे त्याच्या साध्या दुरीलाही हात लावू शकत नाही. बुद्धाचा प्रधान निःसंकोच हात करतो. आणि कल्की, जो पुराणांप्रमाणे अजून यायचा आहे, तो पहिल्या वाटपातच हाती येतो!

खरी गाठ मात्र पानांच्या क्रमात आहे. परशुरामापासून पुढच्या पाच रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान श्रेष्ठ, एक्का सर्वांत हलका. मत्स्य ते वामन या पाचांत नेमके उलट. पहिले अवतार पशुरूप, म्हणून क्रम उलटा, असे उत्तर सहज सुचते. वामन ते मोडून काढतो, कारण तो बटू आहे, पशू नव्हे. लहान ते मोठे हा न्याय वामनाला शोभतो खरा. पण पृथ्वी उचलणाऱ्या वराहाला तो का लावावा?

उत्तर पुराणात नाही, आधीच्या खेळात आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे रूढ झालेल्या ९६ पानांच्या मोगली गंजिफांत आठ रंग. त्यांपैकी चार सुलट, चार उलट. रंग दहा झाले तेव्हा निम्मे म्हणजे पाच, आणि रेघ वामनापाशी पडली. हिशेब आधीचा, देव नंतर आले.

एक नियम तेवढा कथेतूनच उगवल्यासारखा वाटतो. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. एक सूर्यवंशी, दुसरा चंद्रवंशी, मध्यरात्री जन्मलेला. मलाही हे बरीच वर्षे अस्सल पौराणिक वाटत असे. परंतु मोगली गंजिफांतही दिवसा ‘सुर्ख’ रंगाची पाळी असे आणि रात्री ‘सफेद’ची. रामाच्या जागी तेथे सोन्याचे नाणे होते, कृष्णाच्या जागी चांदीचे.