मोमियाई

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या साथीत एक शब्द घरोघर दहशत पसरवत फिरला: मोमियाई. इस्पितळात नेलेल्या माणसाला सरकार उलटं टांगतं, खाली विस्तव पेटवतं आणि अंगातून ठिबकणारं तेल साठवतं, असं लोक सांगत. ते तेल म्हणजे मोमियाई.

शब्द फारसी. 'मोम' म्हणजे मेण. इराणातल्या फार्सच्या डोंगरांत झिरपणारं काळं, मेणचट डांबर ही मूळची मोमियाई. मोडलेलं हाड सांधायला हकीम ती देत. आपल्या शिलाजिताची बहीणच म्हणा. पुढे अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनात गेले आणि घोटाळा झाला. इजिप्तमधली जतन केलेली प्रेतं काळीकुट्ट दिसत, तेव्हा ती डांबरानेच माखली असणार, असं युरोपातल्या वैद्यांनी धरलं. आधी प्रेतावरच्या लेपाला 'मूमिया' म्हणू लागले, मग अख्ख्या प्रेतालाच. इंग्रजीतली ममी ती हीच. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले औषधविक्रेते या प्रेतांची पूड राजरोस विकत होते. माणसाच्या देहाचं औषध करणारे गोरे वैद्य ही निव्वळ भाकडकथा नव्हती. तिचा काळ आणि मुलूख तेवढा चुकला होता.

आणि मुंबईत तिला पुरावेही मिळत गेले. सरकारी माणसं घरात शिरून रोगी उचलून नेत. गेलेला बहुधा परतत नसे, कारण नातेवाईक त्याला लपवत आणि तो हाती लागे तेव्हा फार उशीर झालेला असे. 29 ऑक्टोबर 1896 रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. दामोदर चापेकरांनी हे कृत्य पुढे आपलं म्हणून सांगितलं, पण तेव्हा कंडी पिकली ती अशी, की अपमानाची भरपाई म्हणून राणीने रयतेची काळजं मागवली आहेत. डांबर इथेही आलंच!

साहेबांनी या सगळ्याला अडाणीपणा म्हटलं. मला ते पटत नाही. प्लेग पसरतो कसा, हे साहेबाच्या डॉक्टरांना तरी कुठे ठाऊक होतं? ते गटारं धूत होते, कार्बोलिक शिंपडत होते, घरांची कौलं उतरवत होते. माणसं का मरताहेत याचा उलगडा दोघांकडेही नव्हता. लोकांजवळ निदान एक गोष्ट होती, आणि तिच्यात गुन्हेगार कोण ते स्पष्ट होतं. 1898 मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. अडाणी न म्हणवणाऱ्या तज्ज्ञांनी ते कित्येक वर्षं उडवून लावलं.