वाळू, दोर आणि चाक

मद्रास शहर आधी वसले. त्याला बंदर मिळाले ते त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. १६३९ साली इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती कोरोमांडल किनाऱ्यावरची जी चिंचोळी पट्टी आली, तिला ना खाडी होती, ना वाऱ्याचा आडोसा. मोठी गलबते किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहात. आणि माणसे, मालाचे गठ्ठे, टपालाच्या थैल्या, सारे काही फुटत्या लाटांतून वाळूवर आणावे लागे. युरोपीय धाटणीच्या भक्कम होड्यांचा येथे निभाव लागत नसे. तळ वाळूवर आदळला, की त्यांच्या खिळ्यांनी जखडलेल्या फळ्या फुटत.

जी होडी टिके, ती दिसावयास अगदीच साधी होती. तिला ‘मसुला’ म्हणत. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. खिळ्याचे नाव नाही. लाटेने उचलून वाळूवर आपटले, की ती थोडी वाकावयाची, थोडी दबावयाची, आणि पुन्हा आपल्या आकारात यावयाची. तिच्या जोडीला असे ‘कट्टुमरम्’, म्हणजे नुसते एकत्र बांधलेले ओंडके. इंग्रजीतला ‘कॅटमरान’ हा शब्द या तमिळ शब्दावरूनच आला आहे. अवघड भूमीशी झगडताना ताठरपणापेक्षा लवचिकपणा उपयोगी पडतो, हा धडा मद्रासच्या कोळ्यांना मोटारीचा जन्म होण्याच्या कित्येक शतके आधी ठाऊक होता.

आज हाच धडा पुन्हा उजळणी करण्याजोगा झाला आहे. पक्का रस्ता सोडून वाळूत, चिखलात, ओढ्यानाल्यांत जाणाऱ्या मोटारी हौसेने बाळगणारी मंडळी आता सर्वत्र दिसतात. अशी गाडी दारात आली, की तिला पहिली जोड कोणती द्यावी, हा प्रश्न उभा राहतो. आणि बहुतेकांचे डोळे लागतात ते विंचवर, म्हणजे गाडीच्या पुढे बसविलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर. विंच ही मोठ्या कामाची वस्तू आहे. पण तिचा क्रम कितवा, हे ठरविण्यास इतिहासाची मदत होते.

विंचचे मूळ फार जुने आहे. आपल्या खेड्यांतील आडावरचा रहाट, हे तिचेच घरगुती रूप. इसवी सनापूर्वी ४८० साली इराणच्या बादशहाने ग्रीसवर स्वारी करण्यासाठी समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यावर नावांचा पूल बांधला, तेव्हा त्याचे जाडजूड दोरखंड लाकडी चाकांनी पिळून ताणले होते, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. पुढे जहाजांवर नांगर उचलावयास उभ्या दांड्याचे चाक आले; खलाशी त्याला आडवे दांडे घालून गोल फिरत. वाफ आली, वीज आली, तरी तत्त्व तेच राहिले: लहान बळ, मोठे चाक आणि धीमी गती.

मोटारीला ही जोड मिळाली ती मुख्यतः युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. अवजड लष्करी मालमोटारींपैकी कित्येकींच्या पुढे इंजिनच्या बळावर चालणारी विंच असे. युद्ध संपले आणि उरलेल्या जीपगाड्या शेतकऱ्यांच्या व हौशी लोकांच्या हाती आल्या. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न याने या जीपसाठी एक छोटा सुटा भाग बनविण्यास प्रारंभ केला. त्यायोगे पक्क्या रस्त्यावर पुढची चाके यंत्रणेपासून मोकळी करता येत, आणि गरज पडताच पुन्हा जोडता येत. विजेवर चालणारी विंच त्याच्या कारखान्याने आणली ती १९५९ साली. म्हणजे चाकाची सोय आधी झाली, दोराची नंतर.

भारतात जीपची जुळणी मुंबईत महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली, आणि त्याच काळात मद्रासच्या उत्तरेकडील एण्णूर व तिरुवोट्टियूर या भागांत वाहनउद्योग मूळ धरू लागला. १९४८ साली एण्णूरला अशोक मोटर्स आली. ती १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. तिरुवोट्टियूरला १९४६ साली के. एम. मम्मन माप्पिळ्ळै यांनी रबरी फुगे बनविण्याचा एक लहानसा धंदा काढला होता. त्या धंद्याचे पुढे मद्रास रबर फॅक्टरीत रूपांतर झाले, आणि १९६१ साली तेथून मोटारीचा पहिला टायर बाहेर पडला. याच शहराजवळ, चेंगलपट्टूच्या बाजूस, २०१२ मध्ये महिंद्रांचे संशोधनकेंद्र उघडले. २०२० साली आलेली ‘थार’ गाडी तेथे आकारास आली, आणि नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. त्या गाडीने कोकणातील चढ चढणाऱ्या मराठी माणसाचे मद्रासच्या वाळूशी असे दूरचे नाते आहे.

आता क्रमाचा विचार. पहिला मान टायरचा. गाडी आणि भूमी यांची भेट होते ती टायरपाशी. तेथे पकड नसेल, तर बाकीची सारी यंत्रणा व्यर्थ. त्यातही वाळूसाठी सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. रस्त्यावर तीस पौंडांच्या आसपास असलेला दाब पंधरा-सोळापर्यंत उतरविला, की टायर पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि चाक वाळूत खोल जात नाही. महायुद्धात अमेरिकेने पाण्यात आणि जमिनीवर चालणारी ‘डक’ नावाची गाडी बनविली. तिच्या चालकाला जागेवरून न उठता टायरमधील हवा कमीजास्त करता येत असे, कारण समुद्रातून वर येताच तिला सैल वाळूवर चढावे लागे. मसुला होडीच्या शिवलेल्या फळ्या आणि ‘डक’चे मऊ केलेले टायर यांच्यामागचा विचार एकच आहे. अर्थात पक्क्या रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे. म्हणून दाब पाहण्याचे साधन आणि हवा भरण्याचा लहान पंप ही टायरचीच भावंडे समजावयाची.

दुसरा मान आधाराचा. मैलापूरच्या कपालीश्वराचा रथ ओढावयास हजारो हात पुढे येतात. पण त्याला वळण देणे आणि वेळेवर थांबविणे हे काम चाकाखाली लाकडी पाचर सारणाऱ्या मोजक्या माणसांचे असते. बळ कितीही असो, ते रोखावयास काही हवे. गाडीला पुढे व मागे सांगाड्याशी पक्के जोडलेले आकडे नसतील, तर ओढावयाचे कशाला? दोर कशाला तरी गुंतविला आणि तो भाग उखडून आला, तर ते लोखंड गोळीसारखे सुटते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. दुसऱ्या टोकाचा आधारही तितकाच महत्त्वाचा. रानात झाड मिळते. त्याच्या खोडाला दोर न काचता रुंद पट्टा गुंडाळावा. समुद्रकाठी झाड कोठून येणार? तेथे जादा चाक वाळूत खोल आडवे पुरून त्यालाच दोर बांधावा लागतो, आणि त्यासाठी फावडे जवळ असावे लागते. म्हणून विंचआधी फावडे, हे म्हणणे थट्टेचे नव्हे.

यानंतर विंच. तिची निवड गाडीच्या वजनावरून करावी. सामानासुमानासह गाडीचे जे वजन होईल, त्याच्या दीडपट ओढण्याची ताकद हवी, असा सर्वमान्य संकेत आहे. दोन टनांच्या गाडीला तीन टनांची, म्हणजे सुमारे साडेसहा हजार पौंडांची विंच हवी. चिखलाची ओढ ध्यानात घेऊन पुष्कळजण त्याहून मोठी घेतात. मात्र विंचवर लिहिलेली ताकद रिळावरच्या पहिल्या थरापुरतीच खरी असते. दोराचे थर एकावर एक चढले, की ती घटत जाते. म्हणून शक्य तितका दोर सोडून ओढावे. दोर एका कप्पीतून फिरवून पुन्हा गाडीलाच बांधला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पोलादी दोर घासणीला टिकतो, पण तुटला तर चाबकासारखा उसळतो; कृत्रिम धाग्याचा दोर हलका व तुलनेने निर्धोक, पण उन्हाने आणि वाळूने झिजतो. आणि वीज पुरविणारी बॅटरी सशक्त नसेल, तर विंचही लुळी. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

प्रत्येक सुधारणेची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते, हेही मद्रासच्या समुद्राने दाखविले आहे. १८७५ साली तेथे बंदराच्या भिंतींची पायाभरणी झाली. काम पुरे होत आले असता नोव्हेंबर १८८१ मध्ये वादळ आले. भिंतींचा मोठा भाग वाहून गेला, आणि काँक्रीटचे प्रचंड ठोकळे उचलणाऱ्या दोन अजस्र याऱ्याही समुद्राने गिळल्या. जगातील बलाढ्य याऱ्यांनाही पायाखालची भूमी साथ देईल तितकेच सामर्थ्य असते. भिंती पुन्हा उभारल्या, बंदर झाले; पण किनाऱ्याने वाहणारी वाळू त्या भिंतींशी अडली. दक्षिणेस वाळू साचून मरीनाचा किनारा रुंद होत गेला, आणि उत्तरेस रायपुरमकडे समुद्र जमीन खाऊ लागला. गाडीचेही असेच आहे. पुढे पोलादी चौकट आणि वजनदार विंच बसविली, की पुढच्या स्प्रिंगा दबतात, ब्रेकवर ताण येतो आणि वळणावर गाडी जड वाटते.

त्या चौकटीचा आणखी एक धोका आहे, आणि तो गाडीबाहेरच्या माणसाला आहे. पादचाऱ्याला धडक बसली, तर लवचिक पुढचा भाग थोडा तरी चेपतो. पोलादी चौकट चेपत नाही. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा चौकटींविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही निर्मात्याच्या मूळ नमुन्यात मनमानी बदल करू देत नाही. रानातल्या एका दिवसासाठी शहरातल्या वर्षभराच्या वाटसरूंचा जीव धोक्यात घालणे, हे कोणत्याही हौसेला शोभणारे नाही. गाडीबरोबर न्यावयाची, हाताने ओढण्याची विंच कित्येकांचे काम भागवू शकते, आणि तिला चौकटही लागत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला. अड्यार नदी पात्र सोडून रस्त्यांवर आली, आणि असंख्य मोटारी जागच्या जागी बुडाल्या. त्या दिवसांत कोळ्यांनी आपल्या होड्या शहरात आणल्या आणि गल्लीबोळांतून अडकलेल्या माणसांना बाहेर काढले. त्या होड्यांना विंच नव्हती. होती ती पाण्याची जाण, सोबतीला माणसे आणि हाताशी एक दोर.

आडवाटेला जाणाऱ्याने आपल्या गाडीला काय जोडावे, याचे उत्तर त्यात सामावलेले आहे. आधी चांगले टायर, मग पक्के आकडे, पट्टा, फावडे, सोबतीला दुसरी गाडी. आणि या साऱ्यानंतरही गरज उरलीच, तर विंच. पुढे जाण्याचे साधन प्रत्येक गाडीत असतेच. परत येण्याची तजवीज मात्र निघण्यापूर्वी माणसाला स्वतःच करावी लागते.