लत्येर, गीयोम गीयाँ

(१० जानेवारी १७६०–एप्रिल १८३२). फ्रेंच नव-अभिजाततावादी चित्रकार. ऐतिहासिक विषयांवरील भव्य, मनुष्याकृतिप्रधान चित्रांसाठी प्रसिद्ध. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप या तत्कालीन फ्रेंच वसाहतीत सँत-आन येथे त्याचा जन्म झाला. वडील प्येर गीयाँ हे गोरे वसाहती अधिकारी व मळेमालक होते. आई गुलामवर्गातील मिश्रवंशीय स्त्री होती. या दोघांचा विवाह झालेला नव्हता. फ्रेंच वसाहतींना लागू असलेल्या १६८५ च्या हुकूमनाम्याप्रमाणे अपत्याचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरत असे. त्यामुळे मुलाला वडिलांचे नाव लावता आले नाही. वडिलांच्या अशा अपत्यांपैकी तो तिसरा, म्हणून ‘तिसरा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ‘लत्येर’ हे नाव त्याला मिळाले. क्रांतीनंतर बदललेल्या कायद्यानुसार १७९९ मध्ये वडिलांनी त्याला रीतसर आपला पुत्र म्हणून मान्य केले. त्यावेळी तो ३९ वर्षांचा होता.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १७७४ मध्ये, तो वडिलांबरोबर फ्रान्सला आला. रूआन येथे देकांपच्या चित्रशाळेत त्याने चित्रकलेचे प्राथमिक धडे घेतले व १७७७ मध्ये पॅरिसच्या राजकीय कला-अकादमीत द्वायँ या चित्रकाराच्या हाताखाली पुढील शिक्षणास प्रारंभ केला. अकादमीने चित्रप्रकारांची श्रेणी लावून दिली होती. तीत स्थिरवस्तुचित्रण सर्वांत खाली, तर इतिहास, पुराणे व धर्मग्रंथ यांतील प्रसंगांचे चित्रण सर्वोच्च मानले जाई. अशा चित्रणाचा पाया म्हणजे मनुष्याकृती. प्राचीन शिल्पांच्या प्रतिकृती व प्रत्यक्ष विवस्त्र मानवी देह यांवरून वर्षानुवर्षे रेखाटनाचा सराव केल्यावरच विद्यार्थ्याला असे विषय हाताळण्याची योग्यता येते, अशी धारणा होती. लत्येर या शिस्तीत पूर्णपणे मुरला. १७८४ च्या रोम-पारितोषिक स्पर्धेत त्याला द्वितीय क्रमांक मिळाला. प्रथम पारितोषिक त्याला कधीच लाभले नाही. तथापि १७८६ मध्ये त्याला रोमला जाण्याची संधी देण्यात आली व तेथे तो १७९१ पर्यंत राहिला. पॅरिसला परतल्यावर त्याने स्वतःची चित्रशाळा काढली. त्या काळी फ्रेंच चित्रकलेवर झाक ल्वी दाव्हीद याचा प्रभाव होता; लत्येरची चित्रशाळा दाव्हीदच्या शिष्यसंप्रदायाची प्रतिस्पर्धी गणली गेली.

रोममध्ये असतानाच, १७८८ मध्ये, त्याने ब्रूटसने आपल्या पुत्रांना दिलेल्या देहदंडाच्या प्रसंगाचे कच्चे चित्र तयार केले होते. रोमन प्रजासत्ताकाचा संस्थापक ब्रूटस राजसत्तेच्या पुनःस्थापनेसाठी कट करणाऱ्या स्वतःच्या पुत्रांनाही क्षमा करीत नाही, ही ती कथा. दाव्हीदने १७८९ मध्ये हाच विषय घेतला. पण पुत्रांची प्रेते घरी आणली जात असतानाचा क्षण व स्त्रियांचा आक्रोश त्याने रंगविला. लत्येरने मात्र वध जेथे घडतो तो भर चौक व तेथील जनसमूह निवडला. शोक घरात नव्हे, तर नागरिकांच्या देखत होतो, हे या चित्राचे वैशिष्ट्य होय. अंतिम भव्य चित्र १८११ मध्ये पूर्ण झाले आणि १८१६ मध्ये ते लंडनमध्येही प्रदर्शित करण्यात आले. रोमच्या इतिहासातील क्रांतिकारक घटनांवर चार प्रचंड चित्रे काढण्याचा त्याचा संकल्प होता. त्यांपैकी दोनच सिद्धीस गेली.

दरम्यान नेपोलियनचा भाऊ ल्यूस्याँ बोनापार्त याचा आश्रय त्याला लाभला. ल्यूस्याँ स्पेनमध्ये राजदूत असताना लत्येर त्याच्यासोबत होता. सम्राज्ञी जोझेफीनचे भव्य व्यक्तिचित्र त्याने १८०७ मध्ये पूर्ण केले. त्याच वर्षी रोममधील फ्रेंच अकादमीच्या संचालकपदी त्याची नेमणूक झाली व १८१६ पर्यंत तो त्या पदावर राहिला. तेथे असलेल्या अँग्र या तरुण चित्रकाराने लत्येर व त्याचे कुटुंबीय यांची पेन्सिलीने उत्कृष्ट व्यक्तिचित्रे काढली आहेत. या आश्रयाला दुसरी बाजूही होती. क्रांतिकारी शासनाने १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा लागू केली व ग्वादलूपमधील उठाव निर्घृणपणे मोडून काढला. ज्या घराण्याच्या कृपेने चित्रकार मानाला चढला, त्याच घराण्याच्या सत्तेने त्याच्या जन्मभूमीतील माणसांना पुन्हा बेड्या घातल्या. बोनापार्त राजवट कोसळल्यावर १८१६ मध्ये फ्रेंच विद्वत्संस्थेवरील त्याची निवड अठराव्या लूईने नामंजूर केली. १८१८ मध्ये मात्र ती मान्य झाली व पुढील वर्षी तो पॅरिसच्या ललित कला विद्यालयात प्राध्यापक झाला. निसर्गचित्रकार तेओदोर रूसो हा त्याचा एक शिष्य.

याच प्रतिष्ठेच्या काळात, १८२२ मध्ये, त्याने ‘पूर्वजांची शपथ’ हे चित्र रंगविले. गुलामांच्या उठावातून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला होता. तथापि फ्रान्सने अद्याप त्याला मान्यता दिलेली नव्हती. ती १८२५ मध्ये व तीही १५ कोटी फ्रँक भरपाईच्या अटीवर देण्यात आली. चित्रात गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय सेनानी देसालीन व मिश्रवंशीय सेनानी पेत्याँ हे दोघे १८०२ च्या आपल्या युतीची शपथ घेताना दिसतात. त्यांच्या पायांशी तुटलेल्या बेड्या असून वरून परमेश्वर आशीर्वाद देत आहे. समतोल रचना, शिल्पसदृश देहाकृती, शपथेचा गंभीर आविर्भाव ही सारी रोमन वीरांसाठी घडविलेली चित्रभाषा येथे हैतीच्या वीरांसाठी योजिली आहे. सहीजवळ त्याने आपला जन्म ग्वादलूपमधील असल्याची नोंद केली. हे चित्र त्याने हैतीला भेट दिले व त्याच्या मुलाने ते तेथे पोहोचविले.

या पार्श्वभूमीवर त्याच्या १८२८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘व्हर्जिनियाचा मृत्यू’ या दुसऱ्या भव्य चित्राचा विषयही लक्षणीय ठरतो. ही मुलगी आपल्या गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मली, असा खोटा दावा करून अ‍ॅपिअस क्लॉडिअस या सत्ताधीशाचा हस्तक तिच्यावर हक्क सांगतो आणि तिची अप्रतिष्ठा टाळण्यासाठी बाप तिला ठार करतो, अशी ही रोमन कथा. आईच्या दर्जावरून अपत्याचे भवितव्य ठरविणारा नियम चित्रकाराच्या स्वतःच्या जन्मालाही लागू होता. १७९५ पासून, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, हा विषय त्याच्या मनात घोळत होता. चित्र पूर्ण झाले तेव्हा मात्र स्वच्छंदतावादी पिढीने अभिरुची पालटली होती आणि अशी चित्रे जुनाट वाटू लागली होती.

पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो दाव्हीदच्या छायेतील एक दुय्यम चित्रकार म्हणूनच उल्लेखिला गेला. ‘पूर्वजांची शपथ’ हे चित्र १९९१ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा प्रकाशात आले. फ्रान्समध्ये दुरुस्ती होऊन १९९८ मध्ये ते हैतीला परत गेले; १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात त्याची पुन्हा हानी झाली. २०२४-२५ मध्ये अमेरिकेतील क्लार्क कलासंस्था व पॅरिसचे लूव्हर संग्रहालय यांनी त्याच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरविले. ब्रूटस व व्हर्जिनिया ही प्रत्येकी साडेसात मीटरांहून अधिक रुंदीची चित्रे लूव्हरच्या संग्रहात आहेत. ही दोन चित्रे व हैतीला दिलेले चित्र एकत्र पाहिली म्हणजे त्यांतील समान सूत्र ध्यानात येते : जन्माने मिळालेला दर्जा व कायद्याने मिळणारे स्वातंत्र्य यांतील संघर्ष.