पहारेकरी की विणकर?

ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (पुढे नुसतं एओपी म्हणू, बोटं दुखतात!) म्हटलं की आपल्यातले बरेच जण स्प्रिंगच्या एका ॲनोटेशनवर येऊन थांबतात. मेथडच्या डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' लिहिलं की झालं काम. पण त्या एका शब्दामागे दोन घराण्यांची गोष्ट आहे. एक वीव्हिंगवाल्यांचं, दुसरं प्रॉक्सीवाल्यांचं. आणि ती माहीत नसेल तर लोकांचे पैसे बुडू शकतात. कसे, ते सांगतो.

सुरुवात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत झाली. ग्रेगर किचालेस हा गडी आधी कॉमन लिस्पच्या ऑब्जेक्ट सिस्टिमवर काम करत होता. 1997 साली फिनलंडमध्ये भरलेल्या परिषदेत त्याने आणि सहकाऱ्यांनी एओपीवरचा तो प्रसिद्ध पेपर मांडला. मुद्दा साधा होता. लॉगिंग, सुरक्षा, ट्रान्झॅक्शन या गोष्टी कुठल्याच एका क्लासमध्ये मावत नाहीत, सगळीकडे सांडलेल्या असतात. ही मंडळी पुढे टॉमकॅटच्या कोडचं एक चित्र दाखवायची. एक्सएमएल वाचणारा कोड एका जागी शहाण्यासारखा बसलेला, आणि लॉगिंगचे ठिपके मात्र गोवर आल्यासारखे अंगभर!

त्यांचा उपाय म्हणजे विणकाम. ॲस्पेक्ट वेगळा लिहायचा आणि तो कुठे लागू होणार ते सांगायचं. मग 'वीव्हर' दोन्ही एकत्र विणून देणार. यातूनच ॲस्पेक्टजे उभं राहिलं. 2001 साली त्याची 1.0 आवृत्ती आली आणि 2002 च्या अखेरीस प्रकल्प एक्लिप्सकडे गेला. ताकद जबरदस्त! मेथडच काय, फील्ड वाचणं, कन्स्ट्रक्टर बोलावणं, सगळं पकडता यायचं. पण त्यासाठी नेहमीचा जावा कंपायलर बाजूला ठेवून ॲस्पेक्टजेचा वापरायचा. आता प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये कंपायलर बदलायचाय म्हणून मॅनेजरकडे परवानगी मागून बघा, म्हणजे अडचण कळेल.

दुसऱ्या घराण्याने ही कटकटच टाळली. प्रॉक्सी ही कल्पना नवी नव्हती, 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातही ती आहे. 2000 साली जावा 1.3 मध्ये डायनॅमिक प्रॉक्सी आली आणि चालू प्रोग्रॅममध्ये, कंपायलरला हात न लावता, इंटरफेसमागे एक मध्यस्थ उभा करता येऊ लागला. इंटरफेस नसेल तर सीजीलिब क्लासचा सबक्लास बनवून द्यायचं. रॉड जॉन्सनच्या 2002 च्या पुस्तकातून स्प्रिंग जन्माला आलं, मार्च 2004 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. ईजेबीला कंटाळलेल्या लोकांना साध्या जावा क्लासवर ट्रान्झॅक्शन मिळालं आणि त्यांनी ते डोक्यावर घेतलं.

पण प्रॉक्सी म्हणजे सोसायटीचा वॉचमन. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव तो रजिस्टरमध्ये लिहील. घरातला माणूस स्वयंपाकघरातून हॉलमध्ये गेला तर त्याला पत्ताही लागत नाही! वीव्हिंगमध्ये मात्र रजिस्टर प्रत्येक खोलीच्या चौकटीत बसवलेलं असतं.

आता पैशांकडे येऊ. समजा, एका सर्व्हिसमध्ये दोन मेथड आहेत. 'सगळ्यांचे पगार जमा करा' आणि 'एकाचा पगार जमा करा'. ट्रान्झॅक्शन फक्त दुसरीवर लिहिलंय. पहिली मेथड लूपमध्ये दुसरीला बोलावते. दोघी एकाच घरातल्या, त्यामुळे हाक वॉचमनपर्यंत जातच नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. कंपनीच्या खात्यातून रक्कम वजा झाली, डेटाबेसने ती तिथल्या तिथे पक्की केली, आणि जमा होण्याआधी एक्सेप्शन आलं. रोलबॅक कशाचा करणार? कंपायलर गप्प, लॉग गप्प, आणि दुसरी मेथड थेट बोलावणारा टेस्ट हिरवागार. ॲनोटेशन मात्र तिथेच, देव्हाऱ्यातल्या देवासारखं बसलेलं. कोड रिव्ह्यूमध्ये मला हा प्रकार आजही दिसतो, आणि लिहिणारे चांगले हुशार असतात.

गंमत म्हणजे या दोन घराण्यांचं पुढे जमलं. ॲस्पेक्टवर्क्झ नावाचा आणखी एक प्रकल्प ॲस्पेक्टजेमध्ये विलीन झाला आणि 2005 च्या डिसेंबरमध्ये ॲस्पेक्टजे 5 आलं. आता ॲस्पेक्ट साध्या ॲनोटेशनने लिहिता येऊ लागला, आणि क्लास लोड होताना विणायची सोयही नीट मिळाली. ॲस्पेक्टजेचा प्रमुख एड्रियन कोल्यर त्याच वर्षी स्प्रिंगवाल्या कंपनीत दाखल झाला. 2006 च्या स्प्रिंग 2.0 ने ॲस्पेक्टजेची लिहिण्याची पद्धत उचलली, पण आतली यंत्रणा प्रॉक्सीचीच ठेवली. भाषा विणकराची, काम पहारेकऱ्याचं! माझ्या मते आजचा गोंधळ इथूनच आला. वाचताना वाटतं की विणलंय, असतो मात्र वॉचमन.

मग निवडायचं काय? माझं मत सांगतो. बाहेरून येणाऱ्या हाका पकडायच्या असतील तर प्रॉक्सी पुरे, आणि बहुतेक बिझनेस ॲप्लिकेशनमध्ये तेवढंच लागतं. आतल्या आतली हाक अडली तर आधी ती मेथड दुसऱ्या क्लासमध्ये हलवा. बऱ्याचदा ती तिथलीच असते. स्प्रिंगने तयार न केलेले ऑब्जेक्ट, फील्ड किंवा प्रायव्हेट मेथड पकडायच्या असतील तर मात्र वीव्हिंगला पर्याय नाही. मग बिल्डची कटकट मुकाट सोसावी.

प्रॉक्सी जिंकली ती जास्त ताकदवान होती म्हणून नव्हे, तर तिने कुणाकडे परवानगी मागितली नाही म्हणून. आपल्या धंद्यात असं बरेचदा होतं. सोपं ते टिकतं, आणि त्याच्या सोपेपणाची किंमत पुढच्या पिढीने माहीत करून घ्यायची असते. तेव्हा पुढच्या वेळी ते ॲनोटेशन लिहाल तेव्हा एवढंच बघा, की ही हाक गेटवरून येतेय की स्वयंपाकघरातून?