सूक्ष्मदर्शकीय प्रतिमा-वाचक आज्ञावली

निरनिराळ्या उत्पादकांच्या सूक्ष्मदर्शकांनी आपापल्या पद्धतीने संगणकात साठविलेल्या प्रतिमा उघडणारी आणि त्यांच्याबरोबर नोंदलेली मापनविषयक माहिती वाचणारी संगणकीय आज्ञावली. ही आज्ञावली बहुधा स्वतंत्रपणे न चालता प्रतिमा-विश्लेषणाच्या एखाद्या मोठ्या आज्ञावलीला जोडून वापरतात. अशा जोड-आज्ञावलीला प्लगइन हे नाव रूढ आहे. जीवविज्ञान व वैद्यक या शास्त्रांतील पुष्कळसा पुरावा आज सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांच्या रूपात असल्यामुळे तो कालांतराने पुन्हा तपासता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा आज्ञावलींवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : संगणकापूर्वीच्या काळात सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या दृश्याची नोंद हाताने काढलेल्या चित्रांच्या द्वारे होत असे. रॉबर्ट हुक यांच्या १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथातील बुचाच्या छेदाचे व पिसवेचे चित्र ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाची जोड मिळाली व १८७७ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मजंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. चित्र असो वा छायाचित्र, ते पाहण्यास डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नाही. त्यामुळे हुक यांची चित्रे साडेतीन शतकांनंतरही कोणासही पाहता येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डब्ल्यू. एस. बॉइल व जी. ई. स्मिथ यांनी सीसीडी या नावाने ओळखली जाणारी प्रकाशसंवेदी प्रयुक्ती शोधून काढली. या शोधाबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा काही हिस्सा मिळाला. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला होता, तो कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक १९८० नंतरच्या दशकात व्यवहारात आला. केंब्रिज येथील रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेतील जे. जी. व्हाइट, डब्ल्यू. बी. अमोस व एम. फोर्डम यांनी लेसर-क्रमवीक्षण पद्धतीच्या अशा उपकरणाने मिळविलेले निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि बायो-रॅड या कंपनीने त्या धर्तीची उपकरणे बाजारात आणली. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी व त्यांचे सहकारी यांनी जेलीफिशमधील हरित अनुस्फुरक प्रथिन इतर सजीवांच्या कोशिकांत निर्माण करून दाखविले. त्यामुळे जिवंत कोशिकेतील हालचाली तासन्‌तास टिपणे शक्य झाले. या उपकरणांतून मिळणारी प्रतिमा म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेच्या मापनांची संख्यारूप मालिका होय. ती पाहण्यासाठी आधी ती वाचणारी आज्ञावली लागते.

फाईलची रचना : प्रतिमेच्या फाईलचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिल्या भागात चित्रबिंदूंच्या संख्या असतात. दुसऱ्या भागात या संख्यांचा अर्थ लावण्यास आवश्यक असलेली माहिती असते. एका चित्रबिंदूने व्यापलेले प्रत्यक्ष अंतर, वापरलेले वस्तुभिंग, प्रकाशाची तरंगलांबी, दोन छेदांमधील अंतर, दोन प्रतिमांमधील कालावधी इत्यादींचा तीत समावेश होतो. या माहितीला मेटाडेटा असे म्हणतात.

हा दुसरा भाग हरवल्यास काय होते, ते एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. कॅमेऱ्यातील संवेदकाचा एक चित्रबिंदू ६·५ मायक्रोमीटर रुंदीचा असल्यास आणि अन्य कोणतेही वर्धन नसल्यास १०० पट वर्धनाच्या वस्तुभिंगाने तो नमुन्यावरील ०·०६५ मायक्रोमीटर, तर २० पट वर्धनाच्या वस्तुभिंगाने ०·३२५ मायक्रोमीटर एवढे अंतर व्यापतो. म्हणजेच १०० चित्रबिंदू लांबीची आकृती पहिल्या बाबतीत ६·५ मायक्रोमीटर आणि दुसऱ्या बाबतीत ३२·५ मायक्रोमीटर लांबीची ठरते. चित्र तेच दिसते. परंतु वस्तुभिंगाची नोंद नसेल, तर ती आकृती जंतूची आहे की प्राणिकोशिकेची, हे मापावरून सांगता येत नाही.

संख्यांचा क्रम हीही एक अडचण असते. सोळा बिटांची संख्या दोन बाइटांत साठविली जाते व त्यांतील मोठ्या स्थानाचा बाइट आधी लिहावा की नंतर, याबाबत संगणकांच्या दोन परंपरा आहेत. क्रम उलटा धरल्यास २५६ ही संख्या १ अशी वाचली जाते व प्रतिमेच्या जागी निरर्थक ठिपके दिसतात. ऑल्डस या कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिफ या स्वरूपात यासाठी फाईलच्या आरंभी दोन अक्षरांची खूण ठेवलेली असते. ‘आयआय’ ही खूण इंटेल कंपनीच्या व ‘एमएम’ ही खूण मोटोरोला कंपनीच्या प्रक्रियकांतील क्रम दर्शविते. याउलट बायो-रॅडच्या पिक स्वरूपात आरंभी ७६ बाइटांचा शीर्षभाग असून त्यात ओळख पटविण्यासाठी १२३४५ ही संख्या विशिष्ट जागी लिहिलेली असते. ही जागा ज्यास माहीत नाही, त्याच्या दृष्टीने सर्व फाईल म्हणजे अंकांची केवळ रास होय.

स्वरूपांची विविधता : प्रत्येक उत्पादकाने आपल्या उपकरणाबरोबर त्याची स्वतःची आज्ञावली व स्वतःचे फाईल-स्वरूप दिले. झाईस कंपनीची एलएसएम व सीझेडआय, लायकाचे लिफ, निकॉनचे एनडी२, ऑलिंपसची ओआयबी व व्हीएसआय ही त्यांपैकी प्रमुख स्वरूपे होत. एकाच कंपनीची स्वरूपेही काळानुसार बदलत गेली. उदा., एनडी२ स्वरूपाच्या जुन्या फाईली जेपेग-२००० या संक्षेपण पद्धतीवर आधारलेल्या होत्या, तर नंतरच्या फाईलींची रचना निराळी आहे. एलएसएम हे टिफचेच विस्तारित रूप असल्यामुळे सामान्य चित्रदर्शक आज्ञावलीत ते कधीकधी उघडते. परंतु कंपनीने स्वतःच्या खुणांखाली ठेवलेली मापनविषयक माहिती अशा आज्ञावलीला उमगत नाही. फाईल जेपेग स्वरूपात उतरवून घेतल्यास हानी अधिकच होते. सोळा बिटांमुळे शक्य असलेल्या ६५,५३६ तीव्रता-पातळ्यांऐवजी केवळ २५६ पातळ्या उरतात आणि संक्षेपणात मूळ संख्याही बदलतात.

इमेजजे व प्लगइन पद्धती : या अडचणीवरील उपाय विश्लेषणाच्या मुक्त आज्ञावलींतून पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या बेथेस्डा येथील केंद्रात काम करणारे वेन रॅस्बंड यांनी १९८७ मध्ये एनआयएच इमेज या आज्ञावलीस आरंभ केला. ती पास्कल भाषेत लिहिलेली असून केवळ मॅकिंटॉश संगणकांवर चालत असे. जावा ही कोणत्याही प्रकारच्या संगणकावर चालणारी भाषा १९९५ मध्ये उपलब्ध झाल्यावर रॅस्बंड यांनी तीत इमेजजे ही नवी आज्ञावली लिहून १९९७ मध्ये प्रसृत केली. ती सार्वजनिक मालकीची असून तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे.

इमेजजेचा गाभा लहान ठेवण्यात आला. ज्यास एखादे विशेष कार्य हवे असेल, त्याने ते जावा भाषेत लिहून ठराविक फोल्डरमध्ये ठेवावे, म्हणजे ते आज्ञावलीच्या सूचीत दिसू लागते, अशी तिची रचना आहे. त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेतील उपकरणाच्या फाईली उघडण्यासाठी अनेक संशोधकांनी प्लगइने लिहिली व ती इतरांना विनामूल्य दिली. तथापि प्रत्येक स्वरूपासाठी निराळे प्लगइन, त्याची निराळी पद्धत आणि लिहिणारा संशोधक अन्य कामाकडे वळला की त्याची निगा थांबणे, हे या पद्धतीतील दोष होते. पुढे ड्रेझ्डेन येथील माक्स प्लांक संस्थेत आकारास आलेल्या व २०१२ मध्ये शोधनिबंधाद्वारे सादर झालेल्या फिजी या आज्ञावलीत इमेजजे व तिची निवडक प्लगइने एकत्र बांधून देण्यात आली.

बायो-फॉरमॅट्स : अनेक स्वरूपांना पुरेल असा एकच वाचक तयार करण्याचे कार्य ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायरन्मेंट या सहकारी उपक्रमातून झाले. जेसन स्वेडलो, इल्या गोल्डबर्ग, पीटर सॉर्गर इत्यादींनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी या उपक्रमास चालना दिली. सूक्ष्मदर्शकीय प्रतिमेविषयी कोणती माहिती कोणत्या नावाने व कोणत्या एककात नोंदली जावी, याचा आराखडा त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठ आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठ येथील गटांनी बायो-फॉरमॅट्स हा आज्ञावली-संच सिद्ध केला. मेलिसा लिंकर्ट व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी या नियतकालिकात त्याचे विवेचन केले. त्याचा वाचक-संग्रह पुढे दीडशेहून अधिक स्वरूपांपर्यंत वाढला. तो इमेजजे व फिजी यांत प्लगइन म्हणून, तर सेलप्रोफायलरसारख्या आज्ञावलींत अंतर्गत घटक म्हणून वापरला जातो.

बायो-फॉरमॅट्सचे कार्य दुभाष्यासारखे आहे. फाईलचे नाव व आरंभीचे बाइट पाहून ते प्रथम स्वरूप ओळखते, नंतर चित्रबिंदूंच्या संख्या योग्य क्रमाने मांडते आणि अखेरीस कंपनीच्या परिभाषेतील माहितीचे वर उल्लेखिलेल्या आराखड्यात रूपांतर करते. काही कंपन्यांनी आपल्या स्वरूपाची रचना उपलब्ध करून दिली. झाईसने सीझेडआय वाचणाऱ्या आज्ञावलीची संहिताही खुली केली. जेथे अशी मदत मिळाली नाही, तेथे वापरकर्त्यांनी पाठविलेल्या नमुना-फाईलींची परस्परांशी तुलना करून रचना शोधून काढावी लागली. हे काम कष्टाचे असून कंपनीने आपल्या आज्ञावलीची नवी आवृत्ती काढली की त्याचा काही भाग पुन्हा करावा लागतो.

इतर शास्त्रांशी तुलना : सर्वांनी मिळून एकच स्वरूप ठरविले असते, तर दुभाष्याची गरजच पडली नसती. ज्योतिषशास्त्रात तसे घडले. १९७९ मध्ये अमेरिका व नेदर्लंड्स येथील वेधशाळांच्या तज्ञांनी फिट्स हे स्वरूप निश्चित केले व १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने त्यास मान्यता दिली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही फिट्स स्वरूपात आणून अभ्यासली जातात. क्ष-किरण वैद्यकात अमेरिकेतील डॉक्टरांची व उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली. तिच्या कार्यातून १९८५ मध्ये पहिले मानक व १९९३ मध्ये डायकॉम हे मानक सिद्ध झाले. वेधशाळा मोजक्या असून पुष्कळदा आपली उपकरणे स्वतः घडवितात. रुग्णालयाला निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडावी लागत असल्यामुळे उत्पादकांवर दबाव आला. सूक्ष्मदर्शक मात्र हजारो प्रयोगशाळा सुट्यासुट्या विकत घेतात. त्यामुळे ग्राहकांचा एकत्रित आग्रह निर्माण होण्यास वाव राहिला नाही.

मर्यादा व नवी दिशा : फाईलींचे वाढते आकारमान हा नंतरचा प्रश्न होय. २,०४८ × २,०४८ चित्रबिंदूंची सोळा बिटांची एक प्रतिमा सु. ८४ लक्ष बाइट जागा व्यापते. टिफमधील स्थानदर्शक संख्या बत्तीस बिटांच्या असल्यामुळे मूळ टिफ फाईलमध्ये अशा ५१२ प्रतिमाही पुरत्या मावत नाहीत. उलट तीन रंग, ५० छेद व १०० वेळा असा साधा प्रयोग केला, तरी १५,००० प्रतिमा तयार होतात. यासाठी चौसष्ट बिटांच्या स्थानदर्शकांचे बिगटिफ स्वरूप पुढे आले. २०२१ मध्ये ओपन मायक्रोस्कोपी उपक्रमातील व अन्य संशोधकांनी प्रतिमेचे लहान तुकडे पाडून ते दूरस्थ संगणकावरून हवे तेवढेच वाचता येतील, अशा नव्या पिढीच्या स्वरूपांचा पुरस्कार केला. झार या साठवण-पद्धतीवर आधारलेले ओएमई-झार हे त्यांपैकी होय.

अशी सामाईक स्वरूपे रूढ झाली, तरी जुन्या फाईलींसाठी वाचक-आज्ञावलींची आवश्यकता राहतेच. बायो-रॅडचा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकांचा व्यवसाय २००४ मध्ये झाईसकडे गेला. परंतु त्या उपकरणांनी टिपलेल्या पिक फाईली अनेक प्रयोगशाळांच्या संग्रहांत शिल्लक राहिल्या. ७६ बाइटांच्या शीर्षभागाची रचना बायो-फॉरमॅट्समध्ये नोंदली गेली असल्यामुळेच त्या सहजपणे उघडता येतात. प्रसिद्ध निष्कर्षाची इतरांना मूळ पुराव्यावरून फेरतपासणी करता येणे, ही विज्ञानाची मूलभूत अट आहे. उपकरण व उत्पादक नाहीसे झाल्यावरही ती अट पाळली जावी, यासाठी वाचक-आज्ञावली आणि तिची खुली संहिता यांचे जतन हे मूळ प्रतिमांच्या जतनाइतकेच महत्त्वाचे ठरते.