रेवा, रोहा, माधवी : एक प्रस्तावना

प्राचीन कवयित्री म्हटले की साहित्यप्रेमी वाचकाला ग्रीकांची साफो आठवते. इसवी सनापूर्वी 600 च्या सुमारास ती लेस्बॉस बेटावर होऊन गेली. तिचे बहुतेक काव्य हरवले. उरले त्यातले पुष्कळसे इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या चिटोऱ्यांवर. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातही गाथा रचणाऱ्या स्त्रिया होत्या, हे मात्र मराठी वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. या पुस्तकात त्यांची भेट घडावी, अशी इच्छा आहे.

ही भेट होते ती हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त. परंपरेने हालाचा काळ इसवी सनाचे पहिले शतक मानला जातो. संग्रहात पुढेही भर पडत गेली. मराठीच्या अभिजात दर्जासाठी झालेल्या मांडणीत या ग्रंथाचा मोठा आधार घेतला गेला. दर्जा 2024 मध्ये मिळाला. आता ग्रंथ उघडायलाही हरकत नसावी! जुन्या टीकाकारांनी पुष्कळ गाथांच्या कवींची नावे नोंदवली आहेत. त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा ही स्त्रियांची नावे येतात. त्यांचे गाव, कुळ, जन्म-मृत्यू यांविषयी टीकाकार काहीच सांगत नाहीत आणि कोणती गाथा कोणाची, याबाबतही त्यांच्यात एकमत नाही.

म्हणून वाचकांनी एक पथ्य पाळावे. सप्तशतीत स्त्री सतत बोलत असते: सखीशी, सासूशी, दारातल्या वाटसरूशी. पण बोलणारी स्त्री म्हणजे लिहिणारीही स्त्रीच, असे नाही. यातल्या बऱ्याच गाथा पुरुषांच्या नावावर आहेत. उलट, माधवीची म्हणून नोंदलेली गाथा हे माधवीचे आत्मचरित्र नव्हे. ग्रीकांनी साफोच्या बाबतीत हे पथ्य मोडले आणि फाओन नावाच्या नावाड्यापायी तिने कड्यावरून उडी घेतल्याची कथा रचली. आपल्या रेवेला तरी अशा कड्यावर नेऊन उभे करू नये.

बदलापूरजवळ शिरगावात बसून हे लिहिताना सातवाहनांचा काळ मला फार परका वाटत नाही. इथून जवळच वाहणारी उल्हास नदी येते राजमाचीच्या बाजूने. तिथेच पायथ्याशी सातवाहनकालीन कोंडाण्याची लेणी आहेत. खाली कल्याण. तिथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत, असे पहिल्या शतकातली 'पेरिप्लस' ही ग्रीक व्यापारपुस्तिका सांगते. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर तर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावेच कोरलेली आहेत. साफोची भाषा आणि रेवेची भाषा या मुलखात एकाच बाजारपेठेत कानी पडली असणार.

आता वाचावे कसे? गाथा दोनच ओळींची असते. पहिल्या ओळीत 30 मात्रा, दुसरीत 27. आधी ती मोठ्याने म्हणून पाहा. मग कोण, कोणाला, कोणाच्या देखत बोलते आहे, हे स्वतःशीच ठरवून बघा. साळी पिकल्याची, शणाच्या वाडीची साधी बातमीसुद्धा इथे प्रेमिकांच्या भेटीच्या जागेची खूण असू शकते. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाला ध्वनीची, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाची, उदाहरणे हवी होती, तेव्हा तो प्राकृत गाथांकडे वळला तो याचमुळे. टीका शेवटी उघडा. टीकाकारांना जिथेतिथे चोरटी भेट दिसते आणि ते दर वेळी मान्य करायलाच हवे असे नाही. सोबतीला स. आ. जोगळेकरांची 1956 ची मराठी आवृत्ती ठेवा. सातशे गाथा एका दमात संपवण्याची घाई मात्र नको. एका बैठकीला चार-पाच पुरेत.